मोठ्याला ॲलर्जी आहे, धाकटीच्या लसीची भीती वाटतेय

गोदाकाठची (मंगळवार, रात्री ११:२०)

धाकटी १३ आठवड्यांची झाली. पुढच्या बुधवारी आरोग्य केंद्रात तिचा साडेतीन महिन्यांचा डोस आहे. गेले चार दिवस डोळ्याला डोळा नाही, म्हणून इथे लिहितेय.

मोठा साडेचार वर्षांचा. त्याला हाच डोस दिला आणि आठ-दहा दिवसांत दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. सासूबाई म्हणाल्या, लाळेनं होतं, पुसत राहा. मग ते कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत उतरले. रात्री इतकं खाजवायचा की सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. हातांना पायमोजे घालून झोपवायचो त्याला. सव्वा वर्षाचा असताना पहिल्यांदा उकडलेलं अंडं भरवलं, तर दहा मिनिटांत ओठ सुजले आणि पोटभर गांधी उठल्या. तिसऱ्या पावसाळ्यापासून छातीतून शिट्टी वाजायला लागली. आता कुठंही जायचं तर आधी पंप आणि स्पेसर पिशवीत.

परवा नणंद बाळाला बघायला आली होती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाली, "वहिनी, त्या इंजेक्शनानंतरच सुरू झालं ना सगळं? मग हिला तरी जप." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. मी लसीच्या विरोधातली नाही. धाकटीला जन्मतःचं बीसीजी, मग दीड आणि अडीच महिन्यांचे डोस वेळेवर दिलेत. पण कार्ड हातात घेतलं की मोठ्याचा तो अभ्रा दिसतो.

कुणी रागावू नका. खरं काय आहे ते सांगा. लसींमुळे पुढे ॲलर्जी होते का?

---

रानजाई (मंगळवार, रात्री ११:४८)

काही सांगण्याइतकं कळत नाही, पण तुमचा तो अभ्रा माझ्याही घरात होता. जागी आहे. वाचतेय.

---

पिंपळपान (बुधवार, सकाळी ७:०५)

ताई, तुमच्यावर कुणी का रागवावं? हा प्रश्न खुद्द संशोधकांनी तीस वर्षं गंभीरपणे विचारलाय. मी वैद्यकीय संशोधनाच्या आकडेवारीचं काम करतो, डॉक्टर नाही. माझ्या बाजूनं जे माहीत आहे ते नीट सांगतो.

तुमच्या नणंदेला जे वाटलं, तेच १९९७ साली न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासाच्या आकड्यांत दिसलं होतं. ख्राइस्टचर्चमध्ये १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जात होता. त्यातल्या २३ मुलांना डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस) आणि पोलिओची लस मिळालीच नव्हती. दहा वर्षांची होईपर्यंत या २३ जणांपैकी एकालाही दमा झाल्याची नोंद नव्हती. लस घेतलेल्यांत मात्र २३ टक्क्यांना होता. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असाच आकडा आहे. पण थांबून बघा, लस न घेतलेली मुलं फक्त २३. आणि ती २३ घरं कोणती? कदाचित बाळाला डॉक्टरकडे फारशी नेतच नसतील अशी. दम्याची नोंद कागदावर येते ती दवाखान्याची पायरी चढल्यावर.

ही नुसती शंका नाही, ती तपासलीही गेली. ब्रिटनमधल्या २९,२३८ मुलांच्या दवाखान्यातल्या नोंदी २००४ साली अशाच चाळल्या. वरवर पाहता लस घेतलेल्यांत दमा आणि इसब जास्त दिसला. मग त्यांनी मुलं डॉक्टरकडे किती वेळा जातात यावरून गट पाडले. तेव्हा तो संबंध फक्त एका गटात उरला. जी मुलं दवाखान्यात जवळजवळ कधीच फिरकत नव्हती, त्यांच्यात. बाकी सगळ्या गटांत तो दिसेना. या घरांतलं बाळ लसीलाही आलं नव्हतं आणि खाज सुटली तेव्हाही आलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या नावापुढे ना लस, ना इसब.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो स्वीडनचा अभ्यास. स्वीडननं १९७९ मध्ये डांग्या खोकल्याची लस बंद केली होती आणि १९९६ पर्यंत ती नियमित कार्यक्रमात नव्हती. त्यामुळे तिथे एक गोष्ट करता आली जी ही लस नियमित दिली जाते तिथे करणं योग्य ठरलं नसतं. नव्या लसींच्या चाचणीत कुणाला कोणती लस हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काही बाळांना डांग्या खोकल्याची लस मिळाली, काहींना फक्त घटसर्प आणि धनुर्वाताची. घर श्रीमंत की गरीब, आई काळजी करणारी की निवांत, हे सगळं दोन्ही बाजूंना सारखं वाटलं गेलं. अशा ६६९ मुलांना अडीच वर्षांची होईपर्यंत ॲलर्जीसाठी तपासत राहिले. ॲलर्जीचं प्रमाण गटागटांत वेगळं निघालं नाही. उलट ज्या मुलांना प्रत्यक्ष डांग्या खोकला झाला, त्यांच्यात दमा जास्त दिसला.

तुमच्या मोठ्याचं का झालं, हे मला सांगता येणार नाही. पण लसीमुळे झालं असं म्हणायला या आकड्यांत आधार सापडत नाही.

---

कण्हेर (बुधवार, दुपारी २:३०)

मी बालरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. पिंपळपान यांनी आकड्यांचं सांगितलं, मी वेळेचं सांगते.

इसब हा ॲलर्जीच्या वाटेवरचा बहुतेक पहिला मुक्काम असतो आणि तो बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात उगवतो. आधी गाल, मग हातापायांच्या खोबणी. पुढे वरचं अन्न सुरू झालं की अंडं, दूध, दाणे यांची ॲलर्जी कळते. दोन-तीन वर्षांनी छाती, मग नाक. तुमच्या मुलाचं तुम्ही जे वर्णन केलंत ते पाठ्यपुस्तकात छापावं इतकं क्रमवार आहे. आणि आपलं वेळापत्रक बघा. सहा, दहा, चौदा आठवडे. म्हणजे इसब उगवण्याच्या दिवसांत प्रत्येक बाळाची मागची लस 'नुकतीच' झालेली असते. माझ्याकडे इसब घेऊन आलेल्या बाळांत कुठला ना कुठला डोस महिन्याभरात झालाय असंच बहुतेक वेळा निघतं. इसब नसलेल्यांतही तेच निघतं, पण त्यांच्या आयांना ती तारीख आठवायचं कारण नसतं.

दुसरं, घरात कुणाला दमा, सर्दी-शिंका, इसब आहे का? आई-बाबा, मामा, आत्या, कुणीही. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते.

तिसरं अंड्याबद्दल, कारण ही भीती नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या वेळी पुन्हा डोकं वर काढेल. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या गोवर-रुबेला लसीचे विषाणू मानवी पेशींवर वाढवतात, अंड्यात नाही. आणि परदेशातली गोवराची लस कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढवलेली असली तरी अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना ती निर्धोक देतात. तेव्हा मोठ्याला अंडं चालत नाही म्हणून धाकटीची गोवराची लस पुढे ढकलू नका.

आणि हो, लसीची स्वतःची तीव्र ॲलर्जी असते. ती नाकारणं बरोबर नाही. साधारण दहा लाख डोसांमागे एखाद्या बाळाला येते, आणि बहुतेकदा काही मिनिटांतच. म्हणूनच अर्धा तास बसवून ठेवतात आणि सिस्टरच्या पेटीत त्यावरचं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन असतं. तो अर्धा तास खरंच बसा, घाई करून रिक्षा पकडू नका.

---

गोदाकाठची (बुधवार, संध्याकाळी ६:१५)

डॉक्टर, ह्यांना लहानपणी बालदमा होता. अकरावीपर्यंत रात्री उठून बसायचे असं सासूबाई सांगतात. आणि माझ्या आईला गाजर गवताच्या दिवसांत हातभर पुरळ उठतं. मी हे दोन्ही कधी एकत्र मांडून बघितलंच नव्हतं.

---

विनिपेगकर (गुरुवार, सकाळी ६:५०)

मी कॅनडात असतो, आणि माझं मत थोडं वेगळं आहे. माझ्याच मॅनिटोबा प्रांतात १९९५ साली जन्मलेल्या ११,५३१ मुलांचा अभ्यास २००८ मध्ये छापून आलाय. डीपीटीचे पहिले तिन्ही डोस वेळेवर घेतलेल्यांत सातव्या वर्षी दमा १३.८ टक्के, तिन्ही डोस उशिरा घेतलेल्यांत ५.९ टक्के. निम्म्याहूनही कमी! इथे २३ मुलं नाहीत, साडेअकरा हजार आहेत. शिवाय सगळ्यांनी निदान चार डोस घेतलेलेच आहेत, म्हणजे लस न घेणारी घरं यात नाहीतच.

लस देऊ नका असं मी म्हणत नाही. दोन महिने थांबून दिली तर काय बिघडतं? आमच्या मुलीच्या वेळी आम्ही थांबलो होतो. तिला काही ॲलर्जी नाही.

---

पिंपळपान (गुरुवार, सकाळी ९:३०)

विनिपेगकर, तो अभ्यास मी वाचलाय आणि तो तुम्ही इथे आणलात हे बरं केलंत. अशा चर्चेत तो दडवला जातो आणि मग लोकांना वाटतं की काहीतरी लपवतायत.

पण जी घरं तिन्ही डोस उशिरा देतात, ती बाकी बाबतीत वेळेवर देणाऱ्या घरांसारखी असतात का? तिथेही कोणी चिठ्ठी टाकली नव्हती. अमेरिकेत २००२ साली १,६७,२४० मुलांच्या नोंदींवरून लसी आणि दम्याचा संबंध शोधला, तिथे डीपीटीचा असा परिणाम दिसला नाही. एका ठिकाणी दिसतं आणि त्याहून कितीतरी मोठ्या नोंदीत दिसत नाही, तेव्हा मी हात राखून बोलतो.

आणि दोन महिन्यांनी काय बिघडतं, याचं उत्तर मात्र मी हात राखून देणार नाही. डांग्या खोकल्यानं जी बाळं दगावतात त्यातली बहुतेक तीन महिन्यांच्या आतली असतात. म्हणून तर पहिली सुई सहाव्या आठवड्यात. कॅलिफोर्नियात २०१० मध्ये साथ आली, तेव्हा १० तान्ही बाळं गेली. तुम्ही ज्या दोन महिन्यांबद्दल बोलताय ते नेमके तेच दोन महिने आहेत. तुमची लेक सुखरूप आहे याचा मनापासून आनंद आहे, पण ते दोन महिने तिच्या आजूबाजूला तो खोकला नव्हता म्हणून निभावले.

---

सह्यकडा (गुरुवार, सकाळी ११:१०)

ॲल्युमिनियमचं काय? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज तेच येतंय. ॲल्युमिनियममुळे रोगप्रतिकारशक्ती भडकते आणि ॲलर्जी होते म्हणे.

---

पिंपळपान (गुरुवार, दुपारी १:००)

पेंटाव्हॅलंट (डीपीटीसह पाच आजारांची एकत्र लस) आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची) लसीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात, हे खरं. लसीतल्या मूळ घटकाकडे शरीराचं लक्ष वेधायचं काम ते करतात. बीसीजी, तोंडातले पोलिओ आणि रोटाचे थेंब, गोवर-रुबेला यांत ते नसतात.

संशय हवेतून आलेला नाही. अमेरिकेत ३,२६,९९१ मुलांच्या नोंदींत २०२२ साली लसीतलं ॲल्युमिनियम आणि सततचा दमा यांत थोडा संबंध दिसला. लिहिणाऱ्यांनीच सांगितलं होतं की यावरून कारण सिद्ध होत नाही, पुढे तपासा. मग डेन्मार्कनं तपासलं. १९९७ ते २०१८ मध्ये जन्मलेली १२,२४,१७६ मुलं, दोन वर्षांपर्यंत प्रत्येकाला लसींतून किती ॲल्युमिनियम मिळालं त्याचा हिशोब, आणि ५० दीर्घ आजार. त्यात दमा, इसब, ॲलर्जीची सर्दी, अन्नाची ॲलर्जी हे सगळं. निष्कर्ष २०२५ मध्ये आला. ॲल्युमिनियम वाढलं म्हणून ॲलर्जीचे आजार वाढलेले नाहीत. अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी तो लेख मागे घ्या म्हणून मागणी केली, नियतकालिकानं नकार दिला. तुमच्या ग्रुपवर जे येतंय ते बहुधा तिकडच्याच वादातलं आहे.

---

यारातीर (गुरुवार, दुपारी ३:४५)

मेलबर्नहून लिहितेय. माझ्या मुलाला शेंगदाण्याची इतकी तीव्र ॲलर्जी आहे की भारतात आलो की चिवडा, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, सगळं आधी विचारून मग ताटात. त्यामुळे हा विषय माझ्या घरातला आहे.

इथे एक बाजू कुणी मांडली नाही. लस 'कोणती' याचा ॲलर्जीशी काही संबंध असू शकतो, पण तो आपण घाबरतो त्याच्या उलट दिशेनं. डांग्या खोकल्याची लस दोन तऱ्हेची असते. जुनीत अख्खा मारलेला जंतू असतो. ती दुखते, ताप येतो, मांडी सुजते. नवीत जंतूचे निवडक तुकडे असतात, तिलाच आपल्याकडे खासगीत 'न दुखणारी' म्हणतात. ऑस्ट्रेलियानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुनी सोडून नवी धरली. नंतर इथे अन्नाची ॲलर्जी इतकी वाढली की संशोधकांनी मागे वळून पाहिलं. २०२० मध्ये निघालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्या मुलांना जुन्या लसीचा निदान एक तरी डोस मिळाला होता, त्यांच्यात अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता २३ टक्क्यांनी कमी होती.

याचं कारण मला असं समजलंय. जन्मतः बाळाची प्रतिकारशक्ती ॲलर्जीच्या अंगाला जरा कललेली असते. अख्ख्या जंतूची लस तिला दुसऱ्या अंगाला, जंतूंशी लढायच्या अंगाला ढकलते. तुकड्यांची लस तो कल फारसा बदलत नाही. हे मागे वळून पाहिलेलं आहे, चिठ्ठ्या टाकून केलेलं नाही, म्हणून इथे तशी रीतसर चाचणीही हाती घेतली गेली.

गोदाकाठची, तुमच्या केंद्रात मिळणारी पेंटाव्हॅलंट ही ती जुनी, दुखणारीच आहे. माझ्या मुलाला ती मिळाली नाही. मिळाली असती तर त्याचं काही वेगळं झालं असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण जी लस देताना तुमचा हात थरथरतोय तिच्याकडे इथले लोक आशेनं बघतायत, हे तुम्हाला कळावं असं फार वाटलं.

---

कण्हेर (गुरुवार, रात्री ९:२०)

यारातीर यांचं बरोबर आहे, एक पुरवणी जोडते. न दुखणारी लस वाईट नाही. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं. कॅलिफोर्नियातल्या मुलांमध्ये पाचव्या डोसनंतर दर वर्षी डांग्या खोकल्याची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. माझ्याकडे येणारे पालक जास्त पैसे भरून न दुखणारी मागतात आणि सरकारी केंद्रातल्या लसीला हलकी समजतात, याचं मला रोज वाईट वाटतं.

---

मोकळं_अंगण (शुक्रवार, सकाळी ८:००)

मला तर वाटतं आपण मुलांना आजारीच पडू देत नाही म्हणून ॲलर्ज्या वाढल्या. आमच्या वेळी गोवर, कांजिण्या सगळ्यांना यायच्या. गोवर आला की देवी आल्या म्हणून कडुलिंबाचा पाला लावायचे. कुणाला होती ॲलर्जी? मातीत खेळू द्या, एखादा गोवर येऊन गेला तर शरीर तयार होतं.

---

निवृत्त_सिस्टर (शुक्रवार, सकाळी १०:४०)

मी मराठवाड्यात छत्तीस वर्षं नर्सताई म्हणून नोकरी केली. एरवी वाचून सोडून देते, आज राहवलं नाही.

मातीत जरूर खेळू द्या. पण 'एखादा गोवर येऊन गेला' असं लिहू नका हो.

१९८२ च्या थंडीत एका तांड्यावर गेले होते. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ ला आला, त्याआधीची गोष्ट. तेव्हा आम्ही काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायचो आणि बर्फ वितळायच्या आत गाव उरकायचो. एका झोपडीत दोन महिन्यांची पोर डांग्या खोकल्यानं आजारी. मोठ्या मुलांना खोकून झाल्यावर श्वास ओढताना तो लांब आवाज येतो. इतक्या लहानाला तो आवाजही काढता येत नाही. ती खोकायची, खोकायची, आणि मग गप्प व्हायची. ओठ जांभळे. आई पाठीवर थापट्या मारायची, मग एकदम श्वास यायचा आणि प्यायलेलं सगळं दूध बाहेर. डोळ्यांच्या पांढऱ्यात रक्त उतरलेलं. उशाशी वाटीत गाढविणीचं दूध होतं, कुठूनसं पैसे देऊन आणलेलं. मी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला जीप शोधत होते. जीप आली तेव्हा तिची गरज राहिली नव्हती.

तुम्ही म्हणता तेव्हा कुणाला ॲलर्जी नव्हती. दमा होता, आम्ही त्याला 'बाळदमा' म्हणायचो आणि त्यानं पोरं जायचीही. खाजेला 'अंगावर उठलंय' म्हणायचो. रजिस्टरमध्ये त्यांना रकाना नव्हता.

---

पिंपळपान (शुक्रवार, दुपारी १२:१५)

सिस्टर, तुम्हाला नमस्कार.

मोकळं_अंगण, तुमच्या म्हणण्यामागे एक खरा अभ्यास आहे. गिनी-बिसाऊ देशात १९७९ च्या गोवराच्या साथीतून वाचलेल्या मुलांची मोठेपणी त्वचेवर चाचणी केली. ॲलर्जीची खूण १२.८ टक्क्यांत सापडली. ज्यांना गोवर न होता लस मिळाली, त्यांच्यात २५.६ टक्क्यांत. पण 'वाचलेल्या' हा शब्द वाचताना थांबावं लागतं. जी वाचली नाहीत ती या टक्केवारीत नाहीत. फिनलंडमध्ये पुढे ५,४७,९१० जणांच्या नोंदी पाहिल्या, तिथे गोवर होऊन गेलेल्यांत इसब, शिंका, दमा हे सगळं उलट जास्तच निघालं.

आणि गोवर शरीर 'तयार' करत नाही, तो तयारी पुसतो. गोवर झालेल्या मुलांच्या रक्तातली आधीच्या आजारांविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाल्याचं २०१९ मध्ये मोजलं गेलं. फार मागे जायला नको, २०२२ च्या शेवटी गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात काय झालं ते आपण वर्तमानपत्रात वाचलंय.

मातीचं तुमचं मात्र पटतं. पूर्व जर्मनीत लसीकरण सक्तीचं होतं. तरी बर्लिनची भिंत पडल्यावर तिथल्या लाइपझिग आणि हालेच्या मुलांची पश्चिम जर्मनीतल्या म्युनिकच्या मुलांशी तुलना केली, तेव्हा त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी निघण्याचं प्रमाण म्युनिकमध्ये दुप्पट होतं. लस सक्तीची तिथे ॲलर्जी कमी. म्हणजे जे काही बदललं ते राहणीत, खाण्यात, घराच्या आतल्या हवेत शोधायला हवं.

---

मोकळं_अंगण (शुक्रवार, दुपारी १:३०)

सिस्टर, माफ करा. मी ते वाक्य मागे घेतो.

---

कण्हेर (शुक्रवार, रात्री १०:०५)

गोदाकाठची, आता धाकटीसाठी खरोखर हातात काय आहे ते सांगते. मोठ्याला अंडं सव्वा वर्षाचा होईपर्यंत दिलं नाही, तसं कुणी सांगितलं होतं का? पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळीच सांगायचो की ॲलर्जीच्या घरात अंडं, दाणे उशिरा द्या. ते चुकीचं निघालं.

लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांच्या लक्षात आलं की तिथल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के आणि इस्रायलमधल्या मुलांत ०.१७ टक्के. इस्रायलमधली बाळं दात येण्याच्या वयात दाण्याचे कुरकुरे चघळतात. मग त्यांनी इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, ४ ते ११ महिन्यांची. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना दाणे द्यायचे, अर्ध्यांना टाळायचे. सुरुवातीला त्वचेची चाचणी कोरी असलेल्यांत पाचव्या वर्षी दाणे टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना ॲलर्जी, खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. हे २०१५ साली छापून आलं आणि जगभरचा सल्ला उलटला.

आपल्या घरात दाण्याचं कूट असतंच. सहाव्या महिन्यात वरचं सुरू केलं की भाजलेल्या दाण्याचं अगदी बारीक कूट कोमट पाण्यात किंवा दुधात पातळ करून चाटवा. अख्खा किंवा अर्धा दाणा कधीही नाही, घशात अडकतो. नीट शिजवलेलं अंडंही लवकर. एकदा चाललं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं, सोडायचं नाही. फक्त तोवर तिला स्वतःला जोरात इसब झालं तर आधी डॉक्टरांना दाखवा, पहिला घास त्यांच्यासमोर. घरात विडी-सिगारेट नको, खोलीत डासांची कॉइल नको, संध्याकाळचा धूप बाळाजवळ नको. भिंतीला ओल असेल तर पावसाळ्याआधी ती बघा, मोठ्याच्या छातीसाठीही.

---

विनिपेगकर (शनिवार, सकाळी ७:२०)

पिंपळपान, दोन दिवस विचार करतोय. त्या अभ्यासाबद्दल माझी शंका पूर्ण गेलेली नाही. पण ती पहिल्या तीन महिन्यांची गोष्ट मी कधी लक्षात घेतली नव्हती. आमच्याकडे दुसरं बाळ डिसेंबरात येतंय. यावेळी थांबणार नाही.

---

गोदाकाठची (पुढचा गुरुवार, दुपारी ४:००)

काल जाऊन आलो. ह्यांनी अर्धी रजा टाकली.

डाव्या मांडीत पेंटा, उजवीत न्यूमोकोकल, उजव्या दंडात पोलिओची बारीक सुई, आणि तोंडात पोलिओ व रोटाचे थेंब. सिस्टरना मोठ्याचं सगळं आधीच सांगितलं. त्यांनी कार्डावर कोपऱ्यात लिहून घेतलं आणि अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास बसवलं. मी सारखी तिचे ओठ बघत होते. रात्री १०१ ताप आला, दोनदा तापाचे थेंब द्यावे लागले, पहाटे तीनपर्यंत मांडीवर होती. सकाळी उतरला. डाव्या मांडीत वाटाण्याएवढी गाठ आहे, हात लावला की रडते. मोठा येऊन तिच्या मांडीवर फुंकर घालतोय, त्याच्या खाजेवर मी घालायचे तशी.

नणंदेला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिला सिस्टरचं वाचताना पुढे जाता येईना. तिची मुलगी अकरा महिन्यांची आहे. तिचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस राहिलाय हे मला कालच कळलं. पुढच्या बुधवारी दोघी जाणार आहोत.

डॉक्टर, गाठ किती दिवस राहते? शेक द्यायचा का?

---

कण्हेर (गुरुवार, संध्याकाळी ५:१०)

शेक नको, चोळू नका. दुखणं एक-दोन दिवसांत जाईल, गाठ काही आठवडे हाताला लागू शकते. लालसरपणा पसरत गेला किंवा ताप परत चढला तर दाखवा. नणंदबाईंना सांगा, डोस राहिला म्हणून संकोच करू नका, केंद्रात देतात.